जुन्या धाटणीच्या जीन्सचे आकर्षण : श्रमवस्त्राच्या मूल्यांतराचा ऐतिहासिक अभ्यास (१८७३ ते २०२२)

प्रस्तावना

वस्त्राचा इतिहास हा केवळ वेशभूषेचा इतिहास नसतो. उत्पादन, व्यापार, श्रम आणि सामाजिक प्रतिष्ठा यांच्या परस्परसंबंधांचाही तो इतिहास असतो. सामान्यतः वस्त्र विटले, झिजले अथवा फाटले म्हणजे त्याचे मूल्य घटते. जुनी पैठणी किंवा जुना शालू मौल्यवान मानला जातो हे खरे. परंतु तो जपून ठेवल्यामुळे मौल्यवान ठरतो, झिजल्यामुळे नव्हे. निळ्या डेनिम कापडाची जीन्स मात्र या सर्वसाधारण नियमाला अपवाद आहे. तिचा रंग उडाला, गुडघे विरले, शिवणी पांढुरक्या झाल्या की तिचे मोल वाढते. एवढेच नव्हे, तर कारखान्यातून नवीच बाहेर पडणारी जीन्स जुनी दिसावी म्हणून तिच्यावर मुद्दाम प्रक्रिया केली जाते आणि त्या प्रक्रियेसाठी ग्राहक अधिक किंमतही मोजतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील एका लिलावात १८८० च्या दशकातील लेव्हाय स्ट्रॉस कंपनीची एक जीन्स ७६,००० डॉलर बोलीला विकली गेली. लिलावाचे शुल्क धरता ही रक्कम सुमारे ८७,४०० डॉलर झाली. पश्चिम अमेरिकेतील एका ओसाड खाणीत ती सापडली होती. खाणकामगाराने टाकून दिलेला कपडा सुमारे १४० वर्षांनी एखाद्या दागिन्याच्या किमतीला विकला जावा, हा प्रवास इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) कष्टकऱ्यांचे वस्त्र म्हणून जन्मलेली जीन्स प्रतिष्ठेची वस्तू कशी बनली, याचा मागोवा घेणे. (२) जुनेपणाच्या आकर्षणामागील तांत्रिक व सामाजिक कारणे तपासणे. (३) या आकर्षणाची किंमत प्रत्यक्षात कोणी चुकवली, याचा विचार करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन मुख्यतः अमेरिका, जपान व तुर्कस्तान या तीन देशांपुरते मर्यादित आहे. भारताचा विचार जेथे प्रत्यक्ष संबंध आहे तेथेच केला आहे.

१. नावे, कापड आणि नीळ

'डेनिम' हा शब्द फ्रान्समधील नीम या शहराच्या नावावरून, तर 'जीन' हा शब्द इटलीतील जिनोआ या बंदराच्या नावावरून आला, असे सामान्यतः सांगितले जाते. यांपैकी पहिली व्युत्पत्ती मात्र सर्वमान्य नाही. या कुळातील तिसरा शब्द 'डंगरी' हा महाराष्ट्राला जवळचा आहे. जाड्याभरड्या, हलक्या प्रतीच्या भारतीय सुती कापडासाठी हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आढळतो आणि १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही त्याची नोंद आहे. मुंबईच्या डोंगरी भागाशी त्याचा संबंध जोडला जातो. खलाशी व मजूर वापरत असलेल्या या कापडाचे नाव पुढे कामाच्या पोशाखालाच मिळाले. ही तिन्ही नावे कापडाच्या पेठांची आहेत, राजदरबारांची नव्हेत, ही बाब लक्षणीय आहे.

जुनेपणाचे आकर्षण समजून घेण्यासाठी कापडाची रचना समजून घेणे अगत्याचे ठरते. डेनिमची वीण तिरपी असते. उभा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि एकाखालून निघतो. उभे धागे निळीत रंगवलेले असतात व आडवे धागे पांढरेच ठेवले जातात. म्हणून कापड दर्शनी बाजूने निळे व आतून पांढुरके दिसते. नीळ पाण्यात विरघळत नाही. रासायनिक प्रक्रियेने ती विद्राव्य करून धाग्यास द्यावी लागते आणि हवेचा संपर्क होताच ती पुन्हा मूळ निळ्या रूपात येते. त्यामुळे ती धाग्याच्या गाभ्यापर्यंत न पोहोचता मुख्यतः पृष्ठभागावर बसते. घर्षणाने हा थर झिजला की आतील पांढरा गाभा उघडा पडतो. जेथे शरीर वाकते, जेथे हात पुसला जातो, जेथे खिशात वस्तू ठेवली जाते, तेथेच रंग आधी उडतो. परिणामी, जीन्स ही वापरणाऱ्याच्या हालचालींची नोंदवही बनते. रंगाचा हा तांत्रिक दोषच पुढे तिचा सर्वांत मोठा गुण मानला गेला.

या निळीचाही एक इतिहास आहे आणि तो भारतीयांच्या परिचयाचा आहे. एकोणिसाव्या शतकात जागतिक बाजारातील निळीचा फार मोठा भाग बंगाल व बिहारमधून जात असे. मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध १८५९-६० मध्ये बंगालच्या रयतेने उठाव केला आणि १८६० मध्ये दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' हे नाटक प्रसिद्ध झाले. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणल्यानंतर नैसर्गिक निळीचा व्यापार वेगाने ओसरला. तरीही चंपारणच्या शेतकऱ्यांची सुटका होण्यास १९१७ चा सत्याग्रह व्हावा लागला. जीन्सच्या निळ्या रंगामागे शेतातील श्रमाचाही इतिहास आहे. परंतु आजच्या जुन्या जीन्सच्या गौरवात त्याला क्वचितच स्थान मिळते.

२. श्रमवस्त्र ते प्रतिष्ठावस्त्र : अमेरिकेतील वाटचाल

नेव्हाडा राज्यातील रेनो येथे जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. १८७०-७१ च्या सुमारास एका मजुराच्या पत्नीने आपल्या पतीसाठी लवकर न फाटणारी विजार शिवून मागितली. डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांवर, म्हणजे ताण पडणाऱ्या जागी, तांब्याचे रिव्हेट ठोकले. ही युक्ती लोकप्रिय झाली. एकस्वाचा खर्च एकट्याला पेलणारा नसल्याने त्याने सॅन फ्रान्सिस्को येथील कापडाचे व्यापारी लेव्हाय स्ट्रॉस यांच्याशी भागीदारी केली आणि २० मे १८७३ रोजी दोघांना अमेरिकेचे १३९१२१ क्रमांकाचे एकस्व मिळाले. जीन्सच्या इतिहासाचा आरंभ या दिवसापासून मानला जातो. रिव्हेट हे शोभेसाठी नव्हते. खाणकामगार, लाकूडतोडे व गुराखी यांच्या अंगावर कपडा टिकावा, एवढाच त्यामागील हेतू होता. १९६० पर्यंत खुद्द कंपनीही या वस्त्राला 'ओव्हरऑल', म्हणजे कामाचा पोशाख, असेच म्हणत असे.

१८९० च्या सुमारास या विजारीला ५०१ हा क्रमांक मिळाला. तिच्या कापडासाठी पुढे नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो येथील कोन मिल्स ही कंपनी प्रसिद्धीस आली. कोन बंधूंनी १९०५ मध्ये तेथे 'व्हाइट ओक' ही गिरणी सुरू केली. १९१५ पासून लेव्हाय स्ट्रॉस कंपनी कोन बंधूंकडून कापड घेऊ लागली. काळानुसार विजारीत लहानसहान बदल होत गेले. १९२२ मध्ये कमरपट्ट्यासाठी फासे आले. १९३६ मध्ये मागील खिशावर लाल फीत आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातू व दोरा वाचवण्यासाठी काही रिव्हेट काढून टाकण्यात आले आणि मागील खिशावरील शोभेची शिवण रंगाने काढली जाऊ लागली. १९७१ मध्ये लाल फितीवरील नावातील एका रोमन अक्षराचे रूप बदलले. त्या काळी क्षुल्लक वाटणारे हे बदल आज संग्राहकांना कालनिश्चितीची साधने वाटतात. नाण्यांच्या अभ्यासात टांकसाळीच्या खुणांना जे स्थान आहे, तेच येथे फितीला आणि रिव्हेटला प्राप्त झाले आहे.

जीन्सच्या मूल्यांतराची पहिली पायरी १९३० च्या दशकात दिसते. पूर्व अमेरिकेतील सधन कुटुंबे सुटीसाठी पश्चिमेकडील गुरांच्या वाड्यांवर जाऊ लागली आणि गुराख्यांची विजार हौसेने घालू लागली. १९३४ मध्ये खास स्त्रियांसाठी जीन्स बाजारात आली. श्रमाचा पोशाख येथे प्रथमच फुरसतीचा पोशाख बनला. दुसरी पायरी १९५० च्या दशकातील. 'द वाइल्ड वन' (१९५३) मधील मार्लन ब्रँडो आणि 'रेबेल विदाउट अ कॉज' (१९५५) मधील जेम्स डीन यांनी जीन्सला बंडखोर तारुण्याचे चिन्ह बनवले. अमेरिकेतील अनेक शाळांनी तिच्यावर बंदीही घातली. तिसरी पायरी म्हणजे १९७० च्या दशकातील रचनाकारांच्या नावाची जीन्स. कॅल्विन क्लाइन यांच्यासारख्यांचे नाव खिशावर आले आणि किंमत वाढली. या तिसऱ्या टप्प्यावर मूल्य कापडात नव्हे, तर नावात होते. २००० च्या सुमारास लॉस एंजेलिसमधून पुढे आलेल्या उंची किमतीच्या जीन्सने हीच परंपरा विस्तारली. मात्र त्या जीन्स पहिल्या दिवसापासून जुन्या दिसत, हा त्यांचा विशेष होता.

३. जपान : प्रतिकृतीतून परंपरा

ज्या काळात अमेरिकेत जीन्सचे उत्पादन अधिक वेगवान व स्वस्त होत होते, त्याच काळात तिच्या जुन्या रूपाचे जतन जपानमध्ये होऊ लागले. १९४५ ते १९५२ या काळात जपानवर दोस्त राष्ट्रांचा ताबा होता. अमेरिकी सैनिकांनी विकलेल्या जुन्या विजारी टोकियोतील उएनो भागातील अमेयोको बाजारात येत. अशा प्रकारे जपानी तरुणाला जीन्स प्रथम भेटली ती वापरलेल्या, विटलेल्या रूपात. नवी, ताठ व गडद जीन्स त्याला उलट परकी वाटली. जुनेपणा हाच अस्सलपणा, या समजुतीचे एक मूळ येथे आहे.

ओकायामा प्रांतातील कोजिमा हे शालेय गणवेश शिवणारे गाव. कृत्रिम धाग्याचे गणवेश आल्यावर तेथील जाड सुती कापड शिवण्याचा व्यवसाय अडचणीत आला आणि काही कारखानदार जीन्सकडे वळले. मारुओ या कंपनीने १९६५ च्या सुमारास अमेरिकेतून आणलेल्या कापडाच्या जीन्स शिवल्या. पुढे तिने 'बिग जॉन' हे स्वतःचे नाव रूढ केले. १९७० च्या दशकाच्या आरंभी कुराबो या गिरणीने जपानी डेनिम विणले. हिरोशिमा प्रांतातील काइहारा ही १८९३ पासून निळीत रंगवलेले, आपल्याकडील इकतशी साम्य असलेले 'कासुरी' कापड विणणारी पेढी. तिने १९७० मध्ये धागे दोराप्रमाणे एकत्र करून ते वारंवार निळीत बुडवण्याची आणि हवेत धरण्याची यंत्रणा उभी केली. परदेशी वस्त्र येथे देशी रंगकामाच्या जुन्या कौशल्यावर उभे राहिले.

१९७९ मध्ये ओसाका येथे 'स्टुडिओ डी'आर्टिसान' सुरू झाले. पुढे 'डेनिम' कापडाच्या नावावरूनच नाव घेतलेले 'दनीम', 'एव्हिसू' (१९९१), 'फुल काउंट' आणि 'वेअरहाउस' (१९९५) यांनी १९४० व १९५० च्या दशकांतील अमेरिकी जीन्सची तंतोतंत प्रतिकृती करण्याचा ध्यास घेतला. जुन्या विजारी उसवून धाग्याची जाडी, पीळ, शिवणीची घनता यांचा अभ्यास करण्यात आला. त्यासाठी अरुंद, धोट्याचे माग पुन्हा वापरात आले. अशा मागावर आडवा धागा काठाशी वळून परत फिरतो, त्यामुळे कापडाला बंद काठ मिळतो. कापडाचा पन्हा मात्र सुमारे ७५ सेंटिमीटरच राहतो. आधुनिक वेगवान मागावर सुमारे दुप्पट पन्ह्याचे कापड निघते, पण त्याचा काठ सुटा असतो. लुगड्याची पारख काठावरून करण्याची रीत मराठी घरांना नवी नाही. जीन्सचा चाहताही विजारीचा पायघोळ उलटून लाल रेघेचा काठ दाखवतो, तो याच भावनेने.

जपानी गिरण्यांनी कोन मिल्सचे जुने अमेरिकी माग विकत घेतले, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः जपानमध्ये वापरले गेलेले जुने माग प्रामुख्याने जपानी बनावटीचे, टोयोडा कंपनीचे होते. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये परिपूर्ण केलेल्या स्वयंचलित मागाच्या व्यवसायातूनच पुढे टोयोटा मोटारींचा उद्योग उभा राहिला. सारांश, ज्या अमेरिकी भूतकाळाची ही प्रतिकृती होती, तो भूतकाळ जपानने स्वतःच्या औद्योगिक वारशावर विणला. मूळ आणि नक्कल यांच्यातील सीमारेषा त्यामुळे धूसर झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लेव्हाय स्ट्रॉस कंपनीनेही स्वतःच्या जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती बाजारात आणल्या आणि २००७ मध्ये खिशावरील शिवण व फीत यांच्या नकलेबद्दल काही जपानी कंपन्यांविरुद्ध अमेरिकी न्यायालयात दावे दाखल केले. मूळ उत्पादकालाच स्वतःच्या भूतकाळावरील हक्क सिद्ध करावा लागला, ही आधुनिक व्यापाराच्या इतिहासातील एक विलक्षण घटना होय.

४. जुनेपणाचे दोन मार्ग

जुनी दिसणारी जीन्स मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कोऱ्या, न धुतलेल्या कापडाची जीन्स घेऊन ती महिनोन् महिने अंगावर वागवण्याचा. मांडीवर मिशांसारख्या रेषा आणि गुडघ्यामागे पोळ्यासारखी जाळी हळूहळू उमटते. येथे काळ हाच कारागीर असतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच दाखवून दिले होते की, यंत्राने निर्दोष वस्तू स्वस्त केल्यावर हस्तकलेतील ओबडधोबडपणालाच प्रतिष्ठा प्राप्त होते. धोट्याच्या मागावरील कापडाच्या असमान पोताचे आकर्षण या सिद्धान्ताशी जुळते. भारतीय वाचकास येथे खादीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. खादीच्या पोतात कातणाऱ्याचा श्रम दिसतो आणि त्याला नैतिक मूल्य दिले जाते. जीन्सच्या झिजेत वापरणाऱ्याचा श्रम दिसतो, किंवा तो दिसावा अशी अपेक्षा असते.

दुसरा मार्ग ही झीज विकत घेण्याचा. १९७० च्या दशकापासून जीन्स सच्छिद्र ज्वालामुखी दगडांसह यंत्रात धुण्याची पद्धत रूढ झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दगडांच्या जोडीला विकरे आली. याहून घातक ठरली ती वाळूच्या फवाऱ्याची पद्धत. दाबाच्या हवेने वाळूचा झोत मांडीवर व गुडघ्यावर मारला की काही मिनिटांत अनेक वर्षांची झीज उमटते. तुर्कस्तानात हे काम लहान, कोंदट, नोंदणी नसलेल्या कार्यशाळांत चाले आणि खेड्यांतून व शेजारी देशांतून आलेले तरुण ते करीत. वाळूतील सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा असाध्य विकार होतो. खाणींत आणि दगडफोडीत अनेक वर्षांनी दिसणारा हा आजार येथे अल्पावधीत, विशीतल्या मुलांना जडला. २००० च्या दशकाच्या मध्यास तुर्की डॉक्टरांनी या रुग्णांची नोंद वैद्यकीय साहित्यात केली. कामगारांनी व त्यांच्या पाठीराख्यांनी आवाज उठवल्यानंतर मार्च २००९ मध्ये तुर्कस्तानने डेनिमवरील वाळूच्या फवाऱ्यास बंदी केली आणि सप्टेंबर २०१० मध्ये लेव्हाय स्ट्रॉस व एच अँड एम या कंपन्यांनी ही पद्धत आपल्या उत्पादनातून वगळण्याचे जाहीर केले. पुढे लेसर किरणांनी झीज उमटवण्याचे तंत्र पुढे आले. लेव्हाय स्ट्रॉस कंपनीने २०१८ मध्ये त्याचा मोठ्या प्रमाणावर अंगीकार जाहीर केला. परंतु ज्यांची फुप्फुसे निकामी झाली, त्यांना या सुधारणेचा उपयोग नव्हता.

या घटनेचा अर्थ गंभीर आहे. १८७३ मध्ये जी विजार खाणकामगारासाठी निर्माण झाली, तिच्यावरील खाणकामाच्या खुणा कृत्रिमरीत्या उमटवताना २००० च्या दशकातील शिवण-उद्योगातील कामगाराला खाणकामगाराचाच रोग झाला. ग्राहकाला श्रमाचे चित्र मिळाले. प्रत्यक्ष श्रम आणि त्याचे दुखणे दुसऱ्याच्या वाट्याला गेले.

महाराष्ट्रातही या प्रश्नाची एक बाजू दिसते. उल्हासनगर हे जीन्स शिलाईचे व धुलाईचे मोठे केंद्र. तेथील धुलाईच्या कारखान्यांतील सांडपाण्याने वालधुनी नदी दूषित होत असल्याचा प्रश्न वारंवार चर्चेत आला. दुसरीकडे, मुंबईच्या गिरणगावातील फिनिक्स मिलच्या आवारात आता भव्य व्यापारी संकुल उभे आहे आणि तेथे देशोदेशीच्या नामांकित कंपन्यांचे कपडे मिळतात. जेथे कापड विणले जात होते, तेथेच झिजलेल्या कापडाला बाजारभाव मिळावा, हा योगायोग नसून औद्योगिक श्रमाच्या बदललेल्या स्थानाचा तो निदर्शक आहे. ग्रीन्सबरोची व्हाइट ओक गिरणीही ३१ डिसेंबर २०१७ रोजी बंद झाली. जुन्या अमेरिकी डेनिमची मागणी जगभर असताना ते विणणारी गिरणी मात्र टिकू शकली नाही.

५. निवडक स्मृती

प्रारंभी उल्लेखिलेल्या १८८० च्या दशकातील जीन्सच्या खिशाच्या आतील बाजूस एक वाक्य छापलेले आहे. ही वस्तू केवळ गोऱ्या कामगारांनी बनवलेली आहे, असा त्याचा आशय. अमेरिकेत १८८२ मध्ये चिनी मजुरांच्या प्रवेशास बंदी करणारा कायदा झाला. त्या काळातील चिनीविरोधी वातावरणात लेव्हाय स्ट्रॉस कंपनीने हे वाक्य वापरले व १८९० च्या दशकात ते सोडून दिले. जुन्या जीन्सच्या प्रतिकृती करताना फीत, रिव्हेट, काठ, शिवण यांची काटेकोर नोंद घेतली जाते. अशा वाक्याची पुनरावृत्ती मात्र कोणी करीत नाही आणि ते योग्यच आहे. परंतु यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बाजारात विकला जाणारा भूतकाळ हा निवडून, धुऊन स्वच्छ केलेला भूतकाळ असतो. इतिहासाच्या दृष्टीने खिशाच्या आतील ते वाक्य बाहेरील रिव्हेटइतकेच अस्सल साधन आहे.

निष्कर्ष

(१) जीन्सच्या जुनेपणाचे आकर्षण ही केवळ फॅशनची लहर नसून निळीचा पृष्ठभागावर बसण्याचा गुणधर्म, मागाचे तंत्र आणि विसाव्या शतकातील सामाजिक स्थित्यंतरे यांचा तो संयुक्त परिणाम होय.

(२) श्रमवस्त्राचे प्रतिष्ठावस्त्रात रूपांतर होताना उपयुक्ततेच्या खुणा शोभेच्या खुणा बनल्या. रिव्हेट, काठ व झीज यांचे मूल्य वाढले, ते त्यांची मूळ गरज संपल्यावर.

(३) जपानमधील प्रतिकृतींनी जुन्या उत्पादनतंत्राला नवे जीवन दिले. अभ्यासपूर्ण अनुकरण हे निर्मितीचे एक रूप असू शकते, याचे ते उदाहरण आहे.

(४) झीज अंगावर कमावणे आणि झीज विकत घेणे या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांचा नैतिक हिशेब वेगळा आहे. दुसऱ्या मार्गाचा भार तुर्कस्तानातील तरुण कामगारांच्या फुप्फुसांनी वाहिला.

(५) वस्त्रेतिहासाच्या अध्यापनात संग्राहकांची दृष्टी उपयुक्त असली तरी पुरेशी नाही. चंपारणचा शेतकरी, व्हाइट ओकचा विणकर, कोजिमाचा शिंपी आणि वाळूचा झोत धरणारा तुर्की तरुण यांना त्या इतिहासात स्थान मिळाल्याखेरीज निळ्या कापडाची कथा पूर्ण होत नाही. झिजलेला गुडघा पाहताना तो कोणाच्या कष्टाने झिजला, हा प्रश्न विचारणे, हेच अशा अभ्यासाचे प्रयोजन होय.